लडाखला न जाणाऱ्याचं हेल्मेट

मोटरसायकलच्या सुरक्षा साहित्याबद्दल जे काही लिहिलं-दाखवलं जातं, त्यातला रायडर बहुतेक वेळा लडाखला निघालेला असतो. साडेतीनशे-चारशे सीसीची गाडी, मागे दोन्ही बाजूंना डबे, अंगावर पंचवीस-तीस हजारांचं जॅकेट-पँट आणि हाताशी पंधरा दिवसांची रजा. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात ज्या पोराने नुकतीच शंभर-सव्वाशे सीसीची गाडी हप्त्यावर उचलली आहे, तो या चित्रात कुठेच बसत नाही. त्याची गाडी रोज रांजणगावच्या एमआयडीसीत जाते, आठवड्याला पाळी बदलते. मधल्या वेळात डेअरीला दूध, रात्री लाइट आली की विहिरीवरची मोटर चालू करायला शेतात फेरी, कधी आईला घेऊन शिरूरचा दवाखाना, कधी न्हावरा-चौफुला रस्त्याने दौंडकडच्या पाहुण्यांकडे. वर्षाकाठी याचे किलोमीटर लडाखवाल्यापेक्षा जास्तच भरतील. आणि त्यातले बरेच अंधारात.

सुरक्षा साहित्याचा बाजार मात्र लडाखवाल्याशी बोलतो. त्यामुळे निमोण्याच्या पोराची समजूत होते की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपल्याला पोलिसापुरतं एक हेल्मेट पुरे. या लेखात सगळा प्रश्न त्याच्या खिशातून आणि त्याच्या रस्त्यावरून तपासायचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. पैसा कमी असणं ही खरी अडचण नाही. तो कुठल्या क्रमाने खर्चायचा हे कोणी सांगत नाही, ही अडचण आहे. जॅकेटपासून सुरुवात करणारा फसतो.

आधी धोका किती ते पाहू. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यातली शंभरातली ४४-४५ दुचाकीवरची होती. डोक्यावर हेल्मेट नव्हतं अशा मृतांचा सरकारी आकडा ५० हजार २९. त्यात १४ हजार ३३७ मागे बसलेले. हेल्मेट असतं तर हे सगळेच्या सगळे वाचले असते असं कोणी म्हणू नये. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये जो आढावा निघाला, त्याचा हिशोब असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. हजार-दीड हजारात एवढं देणारी दुसरी वस्तू गाडीच्या आसपास नाही.

‘गावातल्या गावात कशाला?’ हा यावरचा नेहमीचा सवाल. त्याला उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून काहीही सुटलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर झालेला असतो. म्हणजे गाडी जवळपास उभी असताना कुत्रं आडवं आलं, पुढचा ब्रेक दाबला गेला आणि माणूस आडवा झाला, तरी डोकं डांबरावर ताशी २० ने आपटतं. युरोपच्या जुन्या मानकात हेल्मेट ज्या वेगाने ऐरणीवर आदळवून तपासायचे तो वेग सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ होता. हे ऐकून बरेच जण चकित होतात. त्यांना वाटतं हेल्मेट ऐंशीच्या धडकेसाठी असतं. बहुतेक पडण्यांत डोक्याला जो मार बसतो तो उंचीवरून खाली येण्याचा. त्यामुळे डेअरीपर्यंतची फेरी आणि पुणे-नगर महामार्गावरची फेरी यांत डोक्याच्या दृष्टीने वाटतो तेवढा फरक नाही.

आता हेल्मेट. पुढचे बरेच परिच्छेद यावरच जातील, कारण निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक आयएस ४१५१. सध्याची आवृत्ती २०१५ ची. गुणवत्ता नियंत्रणाचा केंद्राचा आदेश १ जून २०२१ पासून लागू झाला आणि तेव्हापासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं, साठवणं गुन्हा आहे. कागदावर प्रश्न मिटला. रस्त्याकडेला दोरीवर टांगलेली अडीचशे-तीनशेची हेल्मेटं मात्र अजून डोलतच आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या अनेकांवर आयएसआयचं चिन्ह असतं. जून २०२५ मध्ये देशात १७६ उत्पादकांकडे चालू परवाने होते. त्याच सुमारास दिल्लीत छापे पडले तेव्हा परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेटं जप्त झाली. तेव्हा नुसतं चिन्ह पाहून भागत नाही. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ नावाचं ॲप मोबाइलवर घ्या, दुकानातच तो क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर येतं. दुकानदार तोंड वाकडं करील; करू द्या.

परदेशी खुणांचं वेगळंच. ‘डॉट’ लिहिलेला स्टिकर आपल्याकडे सोळा आण्यांतल्या पंधरा आणे शोभेचा असतो. ती अमेरिकेची खूण, आणि तिथेही उत्पादकाने स्वतःच स्वतःला दिलेला दाखला असतो. युरोपचं ‘ईसीई २२.०६’ मात्र खरोखर कडक आहे. डोकं गरकन फिरवणारा तिरका मारही त्यात तपासतात. तशी खूण आणि आयएसआय दोन्ही असलेलं हेल्मेट साधारण तीन-साडेतीन हजारांच्या पुढे मिळतं. परवडलं तर उत्तम. पण परवडत नाही म्हणून रस्त्यावरचं घ्यायचं, असा कौल कोणी देऊ नये. मधला रस्ता चांगला रुंद आहे: हजार ते दोन हजारांत तोंड पूर्ण झाकणारी आयएसआय हेल्मेटं भरपूर मिळतात. फरिदाबादची स्टड्स, दिल्लीची स्टीलबर्ड ही नावं सगळ्यांना माहीत. वेगा ही कंपनी आपल्या बेळगावची, १९८२ पासूनची, आणि ॲक्सॉर हे तिचंच जरा वरच्या किमतीचं नाव. या यादीतलं कोणतं चांगलं असं विचाराल तर माझं उत्तर एकच: जे तुमच्या डोक्याला बसेल ते.

बसणं म्हणजे काय, ते दुकानात पाच मिनिटांत कळतं. शिंप्याचा टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवा. आपल्या हेल्मेटांवर माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, ५८०, ६०० असं. त्या मापाचं घाला आणि लगेच काढू नका. नव्या हेल्मेटात गाल ओठांकडे सरकल्यासारखे वाटले पाहिजेत. कपाळावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर तो आकार तुमचा नाही. आतली गादी महिन्या-दोन महिन्यांत सैल पडतेच, म्हणून आज ‘एकदम आरामशीर’ वाटणारं हेल्मेट दिवाळीपर्यंत डोक्यावर गरगर फिरायला लागतं. मग पट्टा आवळा, दोन्ही हात मागे नेऊन हेल्मेटची मागची कड धरा आणि पुढे ढकला. कपाळावरून घसरून हातात आलं तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. शेवटी आतली कापडी गादी जरा बाजूला करून खाली काय आहे ते बघा. थर्माकोलसारखा दाट, जाड थर हवा. मार तोच खातो, चुरडून. रस्त्यावरच्या स्वस्त हेल्मेटांत तिथे नुसता स्पंज सापडतो, कधी तोही नाही. वरचं चकचकीत कवच सगळे बघतात. जीव वाचवणारा भाग आत असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

तोंड उघडं की झाकलेलं? उन्हामुळे आपल्याकडे उघड्याला मागणी फार. शिरूर-दौंडचा हा पट्टा कमी पावसाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पूर्ण हेल्मेटात घामाच्या धारा लागतात हे खरं. पण जर्मनीत अपघातग्रस्त हेल्मेटांवरच्या खुणा मोजल्या तेव्हा जवळपास एक तृतीयांश मार हनुवटी-जबड्याच्या भागावर निघाले. उघड्या हेल्मेटात तिथे काहीच नसतं. घामाचा त्रास रोजचा आणि जबड्याचा कधीतरीचा, म्हणून माणूस घामाला घाबरतो. माझं मत पूर्ण हेल्मेटाकडेच आहे. फक्त वरून-पुढून हवा आत येणाऱ्या खिडक्या खरोखर आरपार आहेत का, हे फुंकर मारून पाहा. कित्येकांच्या त्या नुसत्या नक्षीच्या असतात.

एमआयडीसीच्या रस्त्यांवर आणखी एक प्रकार दिसतो. कंपनीने दिलेलं पिवळं किंवा पांढरं हेल्मेट तसंच गाडीवर. ते मानक वेगळं, आयएस २९२५. वरून पाना किंवा वीट पडली तर तिचा मार पट्ट्यांच्या जाळीवर पेलण्यासाठी ते केलेलं असतं. बाजूने, मागून, हनुवटीवर काही नाही, आत थर्माकोल नाही, आणि पडताना ते डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं. पोलिसाला लांबून फसवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

मानेचा मुद्दा काढल्याशिवाय आपल्याकडे हेल्मेटची चर्चा पुरी होत नाही. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्तीविरोधात डोक्याला पगड्या-टोप्या घालून मोर्चा निघाला होता आणि मणके, मान, ऐकू न येणं, सगळं त्यात आलं होतं. सक्तीच्या राजकारणात मला पडायचं नाही. मानेचं तेवढं पाहू. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १०६१ अपघातग्रस्तांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष निघाला तो उलटा: मानेच्या मणक्याची इजा हेल्मेट नसलेल्यांत १५.४ टक्के, असलेल्यांत ७.४ टक्के. ऐकण्या-बघण्याबद्दलचा अभ्यास त्याहून जुना, नव्वदच्या दशकातला. त्यातही हेल्मेटमुळे काही लक्षणीय अडथळा दिसला नाही. मान दुखते ती बहुधा मोठ्या मापाचं, डुलणारं हेल्मेट घातल्याने. टोपीचं मात्र खरं आहे. पांढरी टोपी किंवा पटका घालणाऱ्या बाबाला हेल्मेटसाठी ती काढून खिशात ठेवावी लागते आणि चार माणसांत बोडक्याने उतरावं लागतं. शहरातल्या लेखकांना ही अडचण क्षुल्लक वाटते. गावात ती क्षुल्लक नाही. टोपीवर हेल्मेट चढवणं हा त्यावरचा उपाय तर मुळीच नाही, कारण मग ते डोक्यावर बसत नाही, टोपीवर बसतं. पोरींच्या जाड स्कार्फचं आणि मागे बांधलेल्या अंबाड्याचं तेच. पातळ सुती रुमाल, आणि केस मानेजवळ सैल वेणीत, एवढ्यावर भागतं.

काच स्वच्छ आणि बिनरंगाची हवी. काळी काच फोटोत शोभते. दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला परतणाऱ्याने ती घालणं म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं. ओरखडे पडलेली काचही रात्री समोरच्या लाइटने पांढरी फक्क होते. नवी काच दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि ती वर्षा-दोन वर्षांनी बदलणं हा या सगळ्या बाजारातला सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे.

हेल्मेट आरशावर टांगायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक. आरशाचा दांडा आतल्या थर्माकोलला खड्डा पाडतो, आणि तो खड्डा भरून येत नाही. पेट्रोल-थिनरने पुसू नये, कवच ठिसूळ होतं. एकदा जोरदार मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. ते आपलं काम करून चुकलेलं असतं. म्हणूनच जुनं हेल्मेट कोणाचं घेऊ नये. मार न लागता वापरलेलंही पाचेक वर्षांत बदलावं.

डोक्यानंतर काय? दुकानदार जॅकेट दाखवील. थांबा. पडताना माणूस काय करतो ते आठवा: हात पुढे जातात. तळव्याचं सालटं निघतं, मनगट मोडतं, आणि ज्याचं पोट हातावर आहे त्याचे दोन महिने घरात जातात. कंत्राटी कामगाराला बिनपगारी दोन महिने म्हणजे गाडीचा हप्ता थकला. म्हणून डोक्यानंतर हात. तळव्यावर दुहेरी चामडं, मुठीवर कडक कवच आणि मनगटाला आवळायचा पट्टा, एवढं असलेले हातमोजे हजार ते पंधराशेत मिळतात. पट्ट्याला महत्त्व आहे, कारण पट्टा नसलेला मोजा घसरताना पहिल्याच झटक्यात निघून जातो. कंपनीत मिळणारे ठिपक्यांचे सुती मोजे उन्हापुरते ठीक. वेल्डरचे चामडी मोजे कोणी कोणी घालतात. चामडं चांगलं असतं, पण ढगळ, मनगट मोकळं आणि ब्रेकची लिव्हर बोटांना कळत नाही.

मग पाय, आणि इथे निमोण्याच्या पोराची लडाखवाल्यावर सरशी आहे. त्याच्याकडे बूट आधीच असतात. कारखान्यात मिळणारे सेफ्टी शूज आयएस १५२९८ या मानकाचे असतात: बोटांवर पोलादी टोपी, जाड न घसरणारा तळवा, आणि उंच प्रकार घेतला तर घोटाही झाकला जातो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रायडिंगचे खास बूट अर्थातच सर्वांत उपयोगी ठरले. पण मोटरसायकलचे नसलेले साधे मजबूत बूटसुद्धा चपला-कॅनव्हासच्या मानाने पायाच्या इजा बऱ्याच कमी करतात असं दिसलं. पाच-सहा हजारांचे रायडिंग बूट घेण्याआधी कारखान्याचे बूट गेटवर काढून सँडल चढवायची सवय सोडली तर खर्च शून्य. लेस मात्र आत खोचा. गिअरच्या लिव्हरमध्ये अडकलेली लेस सिग्नलला पाय टेकू देत नाही.

विकत घ्यायची तिसरी वस्तू, चमकणारं जाकीट, दीडशे रुपयांची आहे आणि या भागात ती जॅकेटाच्या आधी येते. घोड आणि भीमेच्या पाण्यावर या दोन तालुक्यांत ऊस वाढला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम लागला की रस्ता उसाचा होतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर ऊस भरून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा लाइट असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. कधी जॅक लावून रस्त्यातच उभी केलेली. रात्री समोरून गाडीचा झोत डोळ्यांवर आला की मधला तो काळा ठोकळा दिसतच नाही. दिसतो तेव्हा उसाची टोकं छातीच्या उंचीवर असतात. इथे एक घोळ समजून घ्यायला हवा. चमकणारं पिवळं-हिरवं जाकीट तुम्हाला मागच्या ट्रकपासून वाचवतं, पुढच्या ट्रॉलीपासून नाही. ट्रॉलीसाठी हवी स्वच्छ काच, नीट लावलेला हेडलाइट आणि अंधारात पन्नासच्या आतला वेग. पण मागून येणारा ट्रकही तितकाच खरा. शिक्रापूर-न्हावरा-श्रीगोंदा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे, चाकणचा माल त्यावरून धावतो. काळं जॅकेट, काळी गाडी, काळी सॅक अशा अवतारात त्या ट्रकच्या ड्रायव्हरला तुम्ही उशिराच दिसणार. सॅकला शिवलेली चमकपट्टीही चालते. मुळात जाकीट कंपनीतच मिळत असेल तर अंगावर घालूनच घरी या. बिबट्याच्या भीतीने अलीकडे शिरूर तालुक्यात संध्याकाळनंतर लोक गाडी जरा पळवतात. ती पळवणं बिबट्याहून महागात पडू शकतं.

चौथं, गुडघे. कडक कवचाचे, दोन-दोन पट्ट्यांचे गार्ड सातशे-आठशेपासून पुढे. गुडघ्यावरून नडगीवर घसरणारे गार्ड बिनकामाचे, म्हणून दुकानात घालून दहा उठाबशा काढा. लाज वाटली तर वाटू द्या. पँटच्या वरून घातले तर कंपनीत पोचल्यावर काढून डिकीत टाकता येतात. साध्या जीन्सवर भरवसा ठेवू नका. डांबराच्या घर्षणापुढे ती सेकंदभरच टिकते.

जॅकेट पाचवं. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, पण स्वस्तात सर्वांत जास्त फसवणूक त्यातच होते. कॅनबेराच्या त्याच अभ्यासात अपघातात सापडलेल्या दर दहा जॅकेटांतली जवळपास तीन फाटली किंवा उसवली होती, आणि ती रायडिंगची म्हणून विकलेलीच जॅकेटं होती. हे पाहूनच पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ‘मोटोकॅप’ ही कपड्यांना तारे देणारी सरकारी योजना सुरू झाली. आपल्याकडे तसं काही नाही, जॅकेटाला आयएसआयची सक्तीही नाही, म्हणून लेबलं स्वतः वाचावी लागतात. खांद्या-कोपराचे पॅड खिशातून बाहेर काढा. त्यावर ‘ईएन १६२१-१’ कोरलेलं आणि लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं हवं. दोन असेल तर मार निम्म्याच्या आसपास आणखी कमी पोचतो. पाठीच्या खिशात बहुतेक स्वस्त जॅकेटांत पावासारखा पिवळा स्पंज निघतो. तो पाठ वाचवत नाही, जॅकेट भरल्यासारखं दाखवतो. कापडाचा दाखला ‘ईएन १७०९२’, त्यात तीन ए सर्वांत वर आणि एक ए खाली. रोजच्या कामासाठी एक ए किंवा दोन ए पुरे. आपल्या हवेत जाळीचंच घ्यावं. मुंबईच्या रायनॉक्ससारख्या देशी कंपन्यांनी मधल्या किमतीत बरं काम केलं आहे, तरी चार-पाच हजारांच्या खाली विश्वासाचं जॅकेट अवघड. आणि कोपराचा पॅड हात वाकवल्यावर कोपरावरच राहतो का, हे गाडीवर बसून पाहायचं. आरशासमोर उभं राहून सगळीच जॅकेटं छान दिसतात. जुनं, न पडलेलं जॅकेट ओळखीच्याकडून घ्यायला हरकत नाही. हेल्मेटचा नियम इथे लागत नाही.

हे सगळं चालवणाऱ्याचं झालं. आपल्याकडे गाडी एकट्याची क्वचितच असते. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगतं, मागे बसणाऱ्यालाही, आणि नोव्हेंबर २०२४ पासून राज्यात मागच्याच्या चलानाची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात झाली. तरी दुसरं हेल्मेट घरात नसतं. नव्या गाडीसोबत एक आयएसआय हेल्मेट देणं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमाने बंधनकारक आहे, हे गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही. केंद्राच्या जून २०२५ च्या मसुद्यात दोन हेल्मेटांचा प्रस्ताव आला. गाडी घेताना हे नियमातलं हेल्मेट मागून घ्या आणि मागच्या माणसासाठी ठेवा; चालवणाऱ्याने आपलं मापाने वेगळं घ्यावं. आईच्या साडीसाठी साडीगार्ड काढून टाकू नका. ‘लूक’साठी ते काढणारे महाभाग आहेत. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम आहे. तो पाळलेला मी फारसा कुठे पाहिला नाही. टाकीवर बसवलेलं पोर हे आपल्या रस्त्यांवरचं सर्वांत नेहमीचं आणि सर्वांत भीतीदायक दृश्य आहे.

आता बेरीज. हेल्मेट दीड हजार, मोजे हजार, चमकजाकीट दीडशे, गुडघ्याचे गार्ड हजार, बूट कंपनीचे. साडेतीन-पावणेचार हजार झाले. एवढे पैसे शोरूममध्ये गाडी बाहेर काढताना सीट कव्हर, क्रॅश गार्ड, फॅन्सी नंबर प्लेट आणि ‘साहेब’ लिहिलेल्या स्टिकरवर जातात, तेही हप्त्यात न दिसता. क्रॅश गार्ड गाडीला वाचवतो, हे त्याच्या नावावरून लक्षात येत नाही. गाडीच्या किमतीत फार तर चार-पाच टक्क्यांची ही भर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ऐंशी हजारांच्या गाडीत त्यातून वाचले ते सहा हजारांच्या आसपास. वरचं सगळं त्यात बसून घरच्यांना एक हेल्मेट शिल्लक राहतं.

घ्यायचं कुठे? शिरूरच्या दुकानांत हेल्मेटं बऱ्यापैकी मिळतात. मोजे-गार्डसाठी पुण्यात नाना पेठेत एक चक्कर मारली तर माप घालून बघता येतं. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण हेल्मेट डोक्यावर न घालता घेणं मला पटत नाही. दुकानात माप पक्कं करून तेच मॉडेल मोबाइलवर मागवणारे आहेत. दुकानदाराच्या तोंडावर हे करणं जरा जास्तच झालं, पण शे-दोनशे रुपये ज्याला मोलाचे आहेत त्याला मी नावं ठेवणार नाही.

एक मागणी कारखान्यांकडे करण्यासारखी आहे. रांजणगावच्या कित्येक कंपन्यांच्या गेटवर हेल्मेटशिवाय दुचाकी आत सोडत नाहीत. म्हणून शेवटच्या वळणापर्यंत हातावर अडकवलेलं हेल्मेट गेटसमोर डोक्यावर चढतं. गेटवरच्या तपासणीपेक्षा कंपनीने बुटांबरोबर मोजे आणि मापाचं हेल्मेट घाऊक भावात दिलं, कंत्राटी कामगारालाही, तर जास्त काम होईल. बूट देण्याचा रिवाज आहेच, त्याच यादीत दोन ओळी वाढवायच्या. तोपर्यंत ज्याला जॅकेट घ्यायचं आहे त्याने ते दिवाळीच्या बोनसमधून घ्यावं. हेल्मेटची नवी काच आणि चमकजाकीट मात्र बोनसची वाट न बघता दसऱ्याच्या आत आणावं. उसाच्या ट्रॉल्या त्यानंतर लगेच रस्त्यावर येतात.